सात टक्क्यांचं गणित

कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं, चाकणच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, घरी पेढे वाटून झाले. मग जॉइनिंगआधीच्या मेडिकलमध्ये एसजीपीटी वाढलेला निघाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली आणि रिपोर्टवर एक ओळ आली : ग्रेड वन फॅटी लिव्हर. घरी रिपोर्ट दाखवला तर बाबांचा पहिला प्रश्न, ‘कधीपासून पितोस?’

ही आमच्या ग्रुपमधल्या एकाची गोष्ट. त्याने दारूला कधी हात लावलेला नाही. वजन मात्र 90 किलो. बाबांचा तो प्रश्न ऐकल्यावर त्याने रिपोर्ट कपाटात टाकला आणि विषय बंद केला. हा विषय पुन्हा उघडायला हवा, कारण असे कपाटबंद रिपोर्ट तुमच्याही मित्रमैत्रिणींकडे असतील.

आधी गैरसमज काढून टाका. लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. त्यासाठी दारूच लागते असं नाही. खाण्यातली जादा साखर आणि मैदा खर्च झाला नाही, तर लिव्हर त्याची चरबी बनवतं आणि स्वतःतच साठवू लागतं. दुखत नाही, खुपत नाही. पण ही चरबी वर्षानुवर्षं राहिली तर काहींच्या लिव्हरला सूज येते, मग व्रण पडतात, आणि शेवटचं टोक सिरॉसिस. सोबत डायबेटिस आणि हृदयविकाराचा धोका वाढतो तो वेगळाच. केंद्र सरकारने 2021 मध्ये हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तो उगाच नाही.

‘मी काही एवढा जाड नाही’ असं म्हणत असाल, तर पुण्यातलंच एक उदाहरण बघा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9 टक्के आणि याज्ञिक यांची 21. दोघांचा हा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती लवकर साठते. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर मुलांची 90 सेंटीमीटरच्या आणि मुलींची 80 च्या आत हवी. टेप घ्या, आजच मोजा.

आता आपला दिवस बघू. सकाळी उशीर झालेला, म्हणून नाश्ता नाही. कॉलेजच्या गेटवर वडापाव, दुपारी मेसमध्ये भाताचा डोंगर आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी कोल्ड्रिंक. अप्रेंटिसशिप करणाऱ्यांची थर्ड शिफ्ट असेल तर रात्री झोप उडवायला गोड चहा, तोही तीन-चार वेळा. अडीचशे मिलीच्या एका कोल्ड्रिंकमध्ये साधारण 25 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो तेवढ्यातच बसायला हवी. म्हणजे एका बाटलीत कोटा संपला, चहा अजून बाकीच आहे! तळवडे-हिंजवडीत बसून काम करायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हेही वाचा : हैदराबादच्या 345 आयटी कर्मचाऱ्यांच्या तपासणीत 84 टक्के जणांच्या लिव्हरमध्ये जादा चरबी सापडली. हा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता चांगली बातमी. या वयात हे बहुतेक वेळा मागे फिरवता येतं, आणि त्यासाठी सिक्स पॅक लागत नाहीत. वजन पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्क्यांवर सूजही उतरू शकते. माझ्या मित्राच्या 90 किलोंचे सात टक्के म्हणजे सहा किलो तीनशे ग्रॅम. आठवड्याला अर्धा किलो धरला तर तेरा आठवडे. एका सेमिस्टरहून कमी!

त्यासाठी किन्वा आणि अ‍ॅव्होकाडो आणू नका. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस बंद, चहातली साखर निम्मी. ताटात अर्धी जागा भाजी आणि कोशिंबिरीला. मटकीची उसळ, अंडी, दही, सोया यांतलं काहीतरी रोज. भात एकदाच वाढून घ्या, ज्वारीची भाकरी मिळाली तर सोनंच. वडापाव आठवड्यातून एकदा, तोही मजेत खा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाला. निगडीची दुर्गा टेकडी आहेच. वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाने लिव्हरची चरबी उतरते.

आणि काय करू नका? फक्त पाण्यावर राहायचं, महिन्यात दहा किलो उतरवायचे, रील बघून डिटॉक्स पावडर घ्यायची, हे नको. फार झपाट्याने वजन उतरलं तर लिव्हरची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. वजनाची इंजेक्शनं आता आपल्याकडेही आली आहेत, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच. रिपोर्ट घेऊन फिजिशियनला भेटा. खासगी परवडत नसेल तर पिंपरीत महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे.

पण सगळी जबाबदारी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणं खोटेपणाचं होईल. क्युबात सूज असलेल्या 293 रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामावर ठेवलं होतं. ज्यांचं वजन दहा टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांच्यातल्या 90 टक्के जणांची सूज गेली. पण तिथवर पोचला दहातला एकच. जिद्द कमी पडते असं नाही, आजूबाजूला खायलाच तसं मिळतं. म्हणून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडापावच्या दरात उसळीची प्लेट आणि ताक मिळालं पाहिजे. कंपन्यांनी थर्ड शिफ्टला बिनसाखरेचा चहा आणि ताजं जेवण द्यायला हवं. विद्यार्थी प्रतिनिधींनो, पुढच्या मीटिंगमध्ये गॅदरिंगच्या आधी हा मुद्दा घ्या.

घरच्यांसाठीही एक ओळ. पोराने रिपोर्ट दाखवला तर ‘कधीपासून पितोस?’ विचारू नका. ‘उद्यापासून डब्यात काय देऊ?’ एवढं विचारा. रिपोर्ट कपाटातून बाहेर यायला तेवढं पुरेल.