तपासणीत काय आढळले, ते ठेवीदाराला सांगा

सहकारी बँकांच्या ठेवीदारांनो,

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध लादले. पुढच्या सहा महिन्यांत प्रत्येक ठेवीदाराला सगळे मिळून १,००० रुपये काढता येतील, असा तो आदेश होता. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे असोत की निवृत्तीची पुंजी, मर्यादा सगळ्यांना एकच. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढून एक लाखापर्यंत जायला जून २०२० उजाडला. त्याच बँकेच्या मार्च २०१९ च्या ताळेबंदात ढोबळ थकीत कर्जाचे प्रमाण ३.७६ टक्के दाखवले होते, आणि लेखापरीक्षकांची त्यावर सही होती. प्रत्यक्षात एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. ती दिसू नये म्हणून २१,००० हून अधिक बनावट कर्जखाती उभी केल्याचे पोलिसांकडच्या तक्रारीत नमूद आहे. एका कर्जदार समूहाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपलीकडे कर्ज देऊ नये, असा नियम तेव्हा होता. नियम होता, तपासणी होत होती, लेखापरीक्षण होत होते. ज्याचे पैसे होते त्याला मात्र निर्बंधांची बातमी येईपर्यंत कशाचाही पत्ता नव्हता.

या पत्रकात आमची मागणी एकच आहे. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत बँकेबद्दल जे आढळते, त्याचा सारांश ठेवीदाराला वेळेवर कळला पाहिजे. तपासनिसाने दिलेला दर्जा, त्याने मोजलेले थकीत कर्ज, सर्वांत मोठ्या कर्जदार समूहाकडे असलेला कर्जाचा वाटा आणि बँकेवर सुधारणेची कारवाई चालू आहे की नाही, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक शाखेत, ठेवींच्या व्याजदराचा फलक लागतो त्याच्या शेजारी लागाव्यात. बँकेने स्वतः छापलेले आकडे यासाठी पुरेसे नाहीत. पीएमसीचे आकडेही छापलेलेच होते.

पीएमसीनंतर सुधारणा झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. १९९३ पासून ती हलली नव्हती. २०२० च्या कायद्याने सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद लागू झाली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये, हे आठवले की या तरतुदीचे मोल कळते. पण यातला विमा आणि ९० दिवसांची मुदत या दोन्ही गोष्टी बँक अडचणीत आल्यानंतर उपयोगी पडतात, आणि पाच लाखांवरच्या रकमेला विमा नाही. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा वरच्या रकमेचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनी मिळेल असे ठरले. पहिली पाच वर्षे त्यावर व्याज नाही, पुढे २.७५ टक्के. संस्थात्मक ठेवींतला विमा नसलेला बहुतांश भाग तर प्राधान्य समभागांत बदलला गेला. कित्येक गृहनिर्माण सोसायट्या आणि पतसंस्था आपले निधी सहकारी बँकांतच ठेवतात. इमारतीच्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा असा शेअरमध्ये बदलला तर प्लास्टर कशाने करायचे? आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर पुन्हा तसेच निर्बंध आले. तिजोरीतल्या १२२ कोटींच्या रोकडीच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला, आणि सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेने ती सामावून घेतली म्हणून ठेवीदार वाचले. तोवर बँकेच्या प्रकृतीची कल्पना त्यांना कोणी दिली होती?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: असे जाहीर केले तर काउंटरवर झुंबड उडेल आणि सावरू शकणारी बँकही बुडेल. ही भीती खोटी नाही, म्हणून तिला पुराव्याने उत्तर दिले पाहिजे. २०१७ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रवर रिझर्व्ह बँकेने सुधारणेची कारवाई सुरू केली. ते शेअर बाजाराला कळवले गेले, वर्तमानपत्रांत छापून आले. बँक बुडाली नाही. जानेवारी २०१९ अखेर ती कारवाईतून बाहेर पडली. ती सरकारी बँक होती, लोकांना सरकारचा भरवसा होता, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. सहकारी बँकेच्या लहान ठेवीदाराला तसा भरवसा आता पाच लाखांच्या विम्याने आणि ९० दिवसांच्या मुदतीने दिलेला आहे. शिवाय नियम मोडणाऱ्या सहकारी बँकांना केलेल्या दंडाची पत्रके रिझर्व्ह बँक नेहमीच काढते, नावानिशी काढते, आणि तपासणीत काय आढळले तेही त्यात असते. त्याने रांगा लागत नाहीत. गुप्ततेमुळे झुंबड टळते असेही नाही. ज्यांना आतली माहिती मिळते ते आधी पैसे काढून घेतात, आणि बातमी फुटल्यावर उरलेले सगळे एकाच दिवशी येतात.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. कर्जदाराचे नाव आम्ही मागतच नाही, टक्केवारी मागतो. आणि रिझर्व्ह बँक बँकांची माहिती विश्वासाने सांभाळते म्हणून ती देणार नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात फेटाळला आहे. रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य जनतेशी आहे, बँकांशी नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. काही बँका त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात गेल्या आहेत. त्यांना एवढे काय लपवायचे आहे, हा प्रश्न ठेवीदाराने विचारलाच पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पीएमसीत तपासनिसांनाही वर्षानुवर्षे काही दिसले नाही, मग त्यांचा दर्जा फलकावर लावून काय मिळणार? आमच्या मते, जाहीर करण्याचे खरे कारण हेच आहे. बंद लखोट्यातल्या अहवालाचा जाब कोणी विचारत नाही. शाखेत लागलेला दर्जा चुकला, तर तो कोणी आणि कशाच्या आधारावर दिला, हे विचारता येते. सहकारी बँकेत हा जाब बाहेरूनच यावा लागतो, कारण कर्ज घेणाऱ्याला बँकेचे भाग घ्यावे लागतात आणि मताचा अधिकार त्याला मिळतो. ठेवीदाराला सभासद असण्याची सक्ती नाही. ज्यांचे पैसे पणाला लागलेले असतात, त्यांतल्या पुष्कळांचे संचालक निवडताना मतच नसते. वार्षिक सभेत ताळेबंद ‘सर्वानुमते मंजूर’ होतो तेव्हा ते सभागृहातही नसतात.

म्हणून तुमची बँक आज उत्तम चालत असली तरी विचारा. सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी लेखी प्रश्न द्या: शेवटच्या तपासणीत आपल्या बँकेला कोणता दर्जा मिळाला, आणि सर्वांत मोठ्या कर्जदार समूहाकडे किती टक्के कर्ज आहे? सभासद नसाल तर हाच अर्ज शाखाधिकाऱ्याकडे द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत रिझर्व्ह बँकेला पाठवा. सोसायटीचे सचिव, पतसंस्थेचे संचालक, पेन्शनरांच्या संघटना यांनी हे संस्थेच्या लेटरहेडवर करावे. उत्तर आले नाही, तर पाच लाखांवरची रक्कम त्या बँकेत ठेवू नका.