आजारपण आणि लग्नाची शपथ

ख्रिस्ती लग्नविधीत वधूवर परस्परांना जे वचन देतात, त्यात सुखदुःख आणि समृद्धी-दारिद्र्य यांच्या जोडीने आरोग्य आणि आजारपण यांचाही स्पष्ट उल्लेख असतो. इंग्लंडच्या चर्चने १५४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रार्थनापुस्तकात तो आहे, आणि वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या मराठी मंडळ्यांत तो आजही कमीअधिक फरकाने उच्चारला जातो. फुलांनी सजलेल्या चर्चमध्ये उभ्या असलेल्या पंचविशीतल्या जोडप्याच्या कानांवरून त्यातला आजारपण हा शब्द बहुधा वाऱ्यासारखा निघून जातो. वीस-तीस वर्षांनी तो परत येतो, तेव्हा साऱ्या विधीतला तोच सर्वांत जड शब्द ठरतो.

रॉबर्टसन मॅकक्विल्किन यांच्या बाबतीत असेच घडले. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील कोलंबिया बायबल कॉलेजचे ते १९६८ पासून अध्यक्ष होते. त्यापूर्वीची बारा वर्षे हे दांपत्य जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिले होते. १९७८ च्या सुमारास पत्नी म्युरिएल हिने नुकतीच सांगितलेली गोष्ट त्याच माणसांना पुन्हा सांगितली, आणि विस्मृतीची पहिली खूण दिसली. तो अल्झायमरचा विकार होता. पुढे पती दृष्टीआड झाला की ती कासावीस होई. घर ते कचेरी हा जाण्यायेण्याचा सुमारे मैलभराचा रस्ता ती दिवसातून कधी कधी दहा वेळाही तुडवी. रात्री तिला निजवताना तिची पावले रक्ताळलेली आढळत, असे मॅकक्विल्किन यांनी लिहून ठेवले आहे. तिला एखाद्या शुश्रूषागृहात ठेवून कॉलेजचे ईश्वरी कार्य चालू ठेवावे, असा सल्ला देणारे हितचिंतक अर्थातच होते. १९९० साली त्यांनी अध्यक्षपद सोडले. हा निर्णय आपण बेचाळीस वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशीच घेतला होता, असे त्यांचे म्हणणे होते. म्युरिएल २००३ साली निवर्तली. तोवर तेरा वर्षे ते तिच्यापाशी राहिले.

या कथेतली खरी विचार करण्याजोगी गोष्ट त्यागाची नव्हे, त्यागाच्या कौतुकाची आहे. राजीनाम्याची वार्ता ऐकून ठिकठिकाणच्या श्रोत्यांचे डोळे पाणावले. त्याचे मॅकक्विल्किन यांनाच कोडे पडले. कर्करोगाच्या एका तज्ज्ञाने ते उलगडले. पतीच्या आजारात बहुतेक स्त्रिया त्याच्यापाशी टिकून राहतात, पत्नीच्या आजारात टिकणारे पुरुष मात्र विरळा, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हा केवळ एका डॉक्टरचा ग्रह नव्हता. २००९ साली अमेरिकेत ५१५ गंभीर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत रुग्ण स्त्री असताना घटस्फोट वा विभक्तपणाचे प्रमाण २०.८ टक्के, तर रुग्ण पुरुष असताना अवघे २.९ टक्के आढळले. आपल्याकडे कदाचित कोर्टाची पायरी चढली जात नाही; पण पक्षाघाताने पडलेल्या शिक्षकाची पत्नी दहा वर्षे त्याचे अंग पुसते तेव्हा त्याची वार्ता होत नाही, आणि तीच सेवा पतीने सहा महिने केली तर त्याला देवमाणूस म्हणतात. शपथ मात्र दोघांनी एकाच शब्दांत घेतलेली असते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दीर्घ आजाराच्या घरी येणाऱ्या श्रद्धाळू मंडळींपैकी कोणीतरी, बहुधा सद्हेतूनेच, विश्वास कमी पडत असावा असे सुचवून जाते. आजाऱ्याला ते लागतेच; पण उशाशी बसणाऱ्याला अधिक लागते, कारण रोज पहाटे गुडघे टेकणारा तोच असतो. अशा वेळी पवित्र शास्त्र जरा नीट वाचलेले बरे. प्रेषित पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीन वेळा प्रार्थना केली आणि तो काढला गेला नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने स्वतःच नमूद केले आहे. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्यास कोणताही पाळक धजणार नाही. आरोग्यासाठी प्रार्थना जरूर करावी. परंतु दुखणे हटले नाही म्हणून घरच्यांच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अधिकार मंडळीला कोणी दिला? लग्नाच्या शपथेत तरी बरे करण्याचे वचन कुठेच नाही. तीत वचन आहे ते फक्त बरोबर राहण्याचे.

कायद्याने या राहण्याला कधीच फारसा आधार दिला नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. भारतीय ख्रिस्ती जनांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा असाध्य मनोविकार आणि कुष्ठरोग ही कारणे त्यात आली. कुष्ठरोगाचे कारण २०१९ साली वगळण्यात आले आणि ते योग्यच झाले. ज्याला सोसवत नाही त्याला वाट असावी, यात वाद नाही. अडचण आहे ती जो राहू इच्छितो त्याची.

१८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्नाला निदान दोन साक्षीदार लागतात. प्रत्यक्षात अख्खी मंडळी साक्षीला असते, आणि विधीनंतरच्या जेवणाला तर असतेच असते. तीच मंडळी पुढे आजाऱ्याच्या घरी येते, स्तोत्र वाचते, गीत गाते, प्रार्थना करते. आणि त्या दहा जणांचा चहा, रात्रभर जागलेल्या त्याच बाईला करावा लागतो. तिला खरोखर हवे असतात ते दोन तास: बँकेत जाऊन पेन्शनचे काम उरकायला, स्वतःचा रक्तदाब तपासून घ्यायला, किंवा नुसते दार लावून झोपायला. तेवढा वेळ आजाऱ्यापाशी बसणे ही वृद्ध भगिनींपासून कॉलेजातल्या तरुणांपर्यंत कोणालाही जमणारी सेवा आहे, आणि तिला वर्गणीही लागत नाही. दर रविवारी उपासनेत सूचना वाचल्या जातात: सहभोजन, सहल, छपराच्या दुरुस्तीचा निधी. बुधवारी दुपारी दोन ते चार कोणाच्या घरी कोण बसणार आहे, हे त्यातच वाचून दाखवायला अर्धे मिनिटसुद्धा लागणार नाही.