नावं आली, नाती कुठे?

डोंबिवलीचा भाचा सांगतो, जावाचा प्रोग्रॅम हायबरनेटवरून दुसऱ्या फ्रेमवर्कवर नेताना टेबलं तीच राहतात, पण कोण कोणाला जोडलेलं हे पुन्हा लिहून तपासावं लागतं. मग सातबारा संगणकावर नेताना हे कोणी का नाही पाहिलं? फेरफाराचा क्रमांक नमुना सातवर, त्याची हकीकत नमुना सहात, खातं आठ-अ मध्ये. सगळा खेळ जोडणीचाच! कल्याण तालुक्यातल्या आमच्या सामाईक खात्यात चारही नावं उतरली, हिस्से गळले. (असं हजेरीपत्रक मी शाळेत परत पाठवलं असतं.) आता १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज आम्हीच करायचा. चूक टंकणाऱ्याची, हेलपाटे खातेदाराचे. का म्हणून? जुना हस्तलिखित सातबारा कचेरीतच आहे, त्यांनीच ताडून पाहावा.