खवळलेल्या पाण्यात धैर्य कशास म्हणावे?

आमच्या गडहिंग्लज तालुक्यातील मूल पोहावयास शिकते ते बहुधा विहिरीत. पाठीस सुकलेला भोपळा अथवा पत्र्याचा डबा बांधावा, काकांनी किंवा मामांनी काठावरून खुशाल ढकलून द्यावे, आणि नाकातोंडात पाणी गेलेल्या पोराने रडतरडत पायरी गाठावी, ही आमच्याकडील पोहण्याची बाराखडी होय. सुट्टी सरेपर्यंत तेच पोर काठावरून सूर मारू लागते. ही विद्या आम्ही हलकी मानीत नाही. तथापि विहिरीचे पाणी आपल्या जागी स्वस्थ असते आणि कोठेही दमले तरी पायरी चार हातांवर असते, ही गोष्ट त्या मुलाच्या ध्यानी येत नाही, व आम्हां वडील मंडळींच्याही येत नाही.

काही वर्षांमागे आमचा एक माजी विद्यार्थी गोव्यास एका शर्यतीकरिता गेला. पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तिन्ही गोष्टी एकामागून एक, मध्ये विसावा न घेता करावयाच्या, अशा शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ नावाची अशी मोठी शर्यत प्रथम २०१९ च्या ऑक्टोबरात झाली. तीत १.९ किलोमीटर समुद्रात पोहावे, ९० किलोमीटर सायकल चालवावी व २१.१ किलोमीटर धावावे लागते. आमचा हा विद्यार्थी सायकलीस व धावण्यास वाघ. पोहणे विहिरीत शिकलेला आणि तलावात घोटलेला. त्या सकाळी वाऱ्याने पाणी उसळत होते. पहिल्या तरंगत्या खुणेपाशी एक लाट त्याच्या उघड्या तोंडावर आदळली, दुसरीने दम कोंडला. अखेर त्याने हात वर केला आणि नावेने त्यास काठावर आणले. गावी परतल्यावर लोकांनी काय म्हणावे? “गडहिंग्लजचे नाव घालविलेस!” तो आमच्या घरी आला, बराच वेळ खाली मान घालून बसला, आणि इतकेच म्हणाला, “सर, एकदा निघाल्यावर मागे फिरू नये, असे तुम्हीच वर्गात सांगत होता.”

आम्ही त्या वेळी त्यास समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय. आमचे म्हणणे असे की, खवळलेल्या पाण्यात लाटेशी झुंजणे हे धैर्य नव्हे. आपला श्वास आपल्या ताब्यात ठेवणे हे धैर्य, आणि तो सुटू लागला असता वेळीच हात वर करणे हेही धैर्यच. आम्ही मुलांस पहिली गोष्ट शिकविली नाही व दुसरीची लाज वाटावयास लाविली. हा दोष त्या मुलाचा नसून आमचा आहे.

उसळत्या पाण्यात माणूस प्रथम दमतो तो बाहूंनी नव्हे, श्वासाने. लाट तोंडावर आली की मनुष्य घाबरून श्वास रोखतो. आतील दूषित वायू बाहेर पडत नाही, म्हणून छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखे होते. मग तो मान उंच करतो. मान वर गेली की पाय खाली जातात. पाय खाली गेले की दुप्पट बळ लागते. असे हे दुष्टचक्र आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात अशा शर्यतींत मृत्यू अथवा हृदयक्रिया बंद पडण्याच्या ज्या १३५ घटना अभ्यासल्या गेल्या, त्यांतील ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. सायकलीवरून पडण्याचे भय सर्वांस वाटते. पाण्याचे भय मात्र पोहता येणाऱ्यास वाटत नाही.

मग जाणते पोहणारे काय करतात? फुटणारी लाट समोरून आली तर ते तिच्यावर छाती आपटीत नाहीत. बुडी मारून तिच्याखालून जातात. पाण्यात तोंड असताना श्वास सतत सोडीत राहतात, म्हणजे तोंड वर येताच आत घेण्याचेच काम उरते. दोन्ही कुशींवर श्वास घेण्याची सवय ते आधीच करून ठेवतात; लाट डावीकडून आली तर उजवीकडे वळता येते. हात पाण्याबाहेर थोडा उंच काढतात, नाहीतर लाट तो अडविते. पुढील खूण पाहण्यास लाटेच्या माथ्यावर असतानाच डोळे वर करतात, कारण दरीतून पाण्यावाचून काहीच दिसत नाही. प्रारंभी सगळ्यांबरोबर उसळी न घेता संथपणे निघतात. आणि तरीही दम सुटलाच, तर उताणे होऊन तरंगत राहतात. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्यामुळे ते देहास अधिक उचलून धरते. मनुष्याने फक्त त्यास उचलू द्यावयाचे असते.

ओढीच्या पाण्याचेही असेच. ३१ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ऑलिंपिकची ट्रायथलॉन सेन नदीत झाली, तेव्हा प्रवाहास चांगलाच जोर होता. जगातील ते निवडक खेळाडू प्रवाहाविरुद्ध येताना मधोमध झगडले नाहीत. जेथे ओढ कमी, त्या काठाच्या कडेने आले. आमच्या हिरण्यकेशीतून पैल जाणारा जुना माणूसही समोरचा घाट धरून निघत नाही. वरच्या अंगास तोंड करून तिरपा जातो. म्हणजे ही अक्कल परदेशातून आणावयाची नाही. ती आपल्याच म्हाताऱ्यांपाशी आहे.

कोणी म्हणेल, “मुलांस परत फिरावयास शिकविले तर ती भित्री होतील.” यावर आमचे उत्तर आरती साहा ही आहे. इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती पहिली आशियाई स्त्री. २७ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लंडचा किनारा दिसण्याच्या टप्प्यात आला असता प्रतिकूल प्रवाहाने तिला पुढे सरकू दिले नाही व तिला तो प्रयत्न सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ती पार झाली. पहिल्या वेळी पाण्याबाहेर निघाली, म्हणूनच दुसरी वेळ आली! ट्रायथलॉनचे नियमही हेच सांगतात. दमलेल्या स्पर्धकाने नाव अथवा तरंगती खूण धरून विसावा घेतला, तर पुढे सरकण्यास तिचे साह्य न घेतल्यास तो बाद होत नाही. नियम करणाऱ्यांनी ज्यात कमीपणा मानिला नाही, त्यात आम्ही तो का मानावा?

या विवेकाची दुसरीही बाजू आहे. २०१९ व २०२१ साली हिरण्यकेशीस आलेला महापूर आमच्या वाचकांस स्मरत असेल. पुराचे पाणी हे पोहण्याचे पाणीच नव्हे. त्यात उडी घेणारा पोहणारा नसून जुगारी होय. कोणत्या पाण्यात उतरू नये हे ज्यास कळते, त्यासच कोणत्या पाण्यात उतरावे हे कळले असे आम्ही समजतो.

यास्तव पालकांस व आमच्या शिक्षकबंधूंस आमची नम्र सूचना आहे. “नदीकडे फिरकू नकोस” एवढे सांगून मूल सुरक्षित होत नाही. ते चोरून जाते. त्याऐवजी निवळलेल्या पाण्यात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली आणि दोरी व हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवून त्यास प्रथम तरंगावयास शिकवावे, मग श्वास सोडावयास, मग मदतीसाठी हात वर करावयास. आणि वेग सर्वांच्या शेवटी. शर्यतीत उतरावयाचे असेल त्याने आधी समुद्राची ओळख निराळी करून घ्यावी. शर्यतीचा दिवस हा त्या ओळखीचा दिवस नव्हे.

तो विद्यार्थी आता रविवारी पहाटे पुन्हा पोहण्याचा सराव करतो, असे ऐकतो. तो पुढे शर्यत पुरी करील वा न करील. परंतु त्या सकाळी त्याने हात वर केला, म्हणून त्याच्या आईच्या घरी आज तो आहे. वर्गात पुन्हा धैर्याचा धडा आला, तर आम्ही त्याचीच गोष्ट सांगू, आणि या वेळी ती नीट सांगू.