आधी ‘या, जंगल तोडा’. मग ‘उठा, जंगल सोडा’! ताडोबाच्या वाटेवरची सरकारी आवतणं नेमकी काय सांगतात?

चंद्रपूरहून मोहर्लीच्या गेटकडे सफारीला निघालेली जिप्सी शहराबाहेर पडताना ‘तुकूम’ हा भाग ओलांडते. रोज शेकडो पर्यटक ही पाटी वाचतात आणि पुढे जातात. पण या तीन अक्षरांत एका जुन्या सरकारी योजनेचा इतिहास दडलेला आहे. ती योजना होती बाहेरच्या माणसांना बोलावून जंगलात वसवण्याची.

आज याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, ताडोबाच्या जंगलात, उलटी योजना सुरू आहे. तिथली गावं बाहेर काढली जात आहेत. या दोन टोकांमध्ये काय घडलं, ते समजून घेतलं तर आजच्या पुनर्वसनाच्या भांडणाचं मूळही सापडतं.

‘तुकूम’ म्हणजे काय?

चांद्याच्या गोंड राजांकडे जंगल भरपूर होतं, पण कसणारे हात कमी होते. शेती नाही तर सारा नाही, आणि सारा नाही तर राज्य चालणार कसं? म्हणून साधा सौदा ठरला. जो जंगल साफ करून जमीन कसेल, त्याला त्या जमिनीची सनद. जो तलाव बांधेल, त्याला तलावाखाली भिजणारी जमीन. ब्रिटिशकालीन नोंदींमध्ये हे श्रेय प्रामुख्याने हीरशहा या राजाला दिलं आहे. तलावाच्या बदल्यात मिळालेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या नावामागे आजही हा शब्द लागतो.

तलाव बांधणारे कारागीरही बाहेरून आले. झाडीपट्टीतला कोहळी समाज आपलं मूळ काशीकडचं सांगतो. गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि परतताना तलाव बांधण्यात तरबेज माणसं सोबत घेऊन आला, अशी परंपरा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा मोठा तलावही कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं ओळखला जातो. पूर्व विदर्भातली धानाची शेती अशा तलावांवर उभी राहिली.

हे फक्त इथेच घडलं का?

नाही. रिकामी जमीन आणि कमी माणसं हे गणित जगभरच्या सरकारांनी असंच सोडवलं. रशियाच्या कॅथरिन दुसरीनं १७६३ मध्ये जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं. करमाफी, धर्मस्वातंत्र्य, सैन्यातल्या सक्तीतून सूट अशी आमिषं त्यात होती. अमेरिकेनं १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर दिले. कॅनडानं १८७२ मध्ये तसाच कायदा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियानं ब्रिटनमधल्या लोकांना अवघ्या दहा पौंडांत बोटीचं तिकीट दिलं.

या सगळ्या योजनांमध्ये एक गोष्ट समान होती. ज्या जमिनीला सरकार ‘रिकामी’ म्हणत होतं, तिथे आधीपासून कुणीतरी राहत होतं. अमेरिकेत तिथले मूलनिवासी, चांद्यात गोंड आणि माडिया. फिरती शेती करणाऱ्याची जमीन एखाद्या वर्षी पडीक दिसते. कागदावर मात्र ती कायमची पडीक होते.

इंग्रजांनी काय बदललं?

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी पडीक जमिनी कायम मालकीनं विकण्याचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. सरकारी पडीक जमिनीवर पुढे रयतवारी गावं बसवली गेली. चंद्रपुरातल्या ‘चांदा रयतवारी’ या कोळसा खाणीच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे.

पण याच काळात सरकारला रेल्वेसाठी लाकूडही हवं होतं. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी मोठमोठी जंगलं राखीव केली. म्हणजे महसूल खातं ‘या आणि कसा’ म्हणत होतं, तर वन खातं ‘आत पाऊल टाकू नका’ म्हणत होतं. सरकार एकच, आवाज दोन. दीडशे वर्षांनंतरही मोहर्लीच्या परिसरातला माणूस याच दोन खात्यांच्या मध्ये उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर कोण आलं?

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना कुठे वसवायचं, हा केंद्रापुढचा मोठा प्रश्न होता. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. त्यात ओडिशातले कोरापूट, कालाहांडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं बस्तर होतं. १९६० च्या दशकात महाराष्ट्रातही चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा यातल्या बऱ्याच वसाहती तिकडे गेल्या. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत फिरलं तर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावं भेटतात.

खाऱ्या पाण्याच्या खाड्यांतून आणि मासळीच्या मुलखातून आलेल्या माणसांना सागवानाच्या जंगलात जमीन मिळाली. त्यांनी ती धानाखाली आणली, तळी खोदून मासे वाढवले, बाजार बसवले. सगळीकडे मात्र हे जमलं नाही. दंडकारण्यातून हजारो निर्वासित १९७८ मध्ये सुंदरबनाकडे परत निघाले. मरीचझापी बेटावर वसलेल्या या लोकांना १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं बळानं हुसकावलं.

जे गडचिरोलीत टिकले, त्यांचे प्रश्नही संपलेले नाहीत. नामशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्रात नाही. ही मागणी अनेक वर्षं तशीच आहे. दुसऱ्या बाजूला, त्यांना दिलेली जमीन आपल्या जंगलातून गेली, ही स्थानिक आदिवासींची सलही खरी आहे. सरकारनं एकाला दिलेलं वचन दुसऱ्याच्या पदरातून पुरवलं, तेव्हा दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत बसले.

मग काटा उलटा कधी फिरला?

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. २०१० मध्ये भोवतालचं बफर क्षेत्र जाहीर झालं. आता सरकारला जंगलात माणसं नको होती, वाघ हवे होते.

बोटेझरी आणि कोळसा गावातली काही कुटुंबं २००७ मध्ये मूल तालुक्यातल्या भगवानपूरला हलवण्यात आली. त्यानंतर नवेगाव, जामनी, पळसगाव यांची पाळी आली. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपयांचं पॅकेज होतं, ते पुढे १५ लाख झालं.

वाघासाठी निर्धोक जागा हवी, हे मान्यच करायला हवं. वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीनुसार गावकऱ्यांच्या संमतीशिवाय असं पुनर्वसन करता येत नाही. जंगलाच्या मध्यभागी शाळा, दवाखाना, पक्का रस्ता नसताना, पीक रानडुकरांच्या तोंडी जात असताना काही कुटुंबं स्वतःहून बाहेर यायला तयार होतात, हेही खरं. पण ‘स्वेच्छा’ किती खरी, हे तपासायची एक सोपी कसोटी आहे. न जाणाऱ्या घराला रस्ता, वीज आणि शाळा मिळत राहते का? सुविधा आधी बंद आणि संमती मागाहून, असं झालं तर तिला संमती म्हणता येणार नाही.

कागद कुणाकडे आहे?

खरा मुद्दा इथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीवर हक्क सांगायचा असेल, तर आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. बिगर आदिवासी कुटुंबाला त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हिशोब करून पाहा. ७५ वर्षं मागे गेलं की १९३० येतं. साठच्या दशकात सरकारनंच आणून वसवलेलं कुटुंब ही अट कधीच पूर्ण करू शकत नाही. त्यांना मिळालेल्या पट्ट्याच्या जमिनीचा प्रश्न वेगळा. पण पट्ट्याबाहेर वाढलेलं शेत वनजमिनीत असेल, तर त्यांच्यासाठी हे दार बंद आहे. आणि ज्याच्या आजोबानं १९२० मध्ये रान साफ केलं, त्याच्याकडे तरी तेव्हाची पावती असेल का?

गोंड राजाच्या सौद्यात एक मोठा गुण होता. तलाव बांधला, जमीन मिळाली. काम आणि हक्क एकमेकांना जोडलेले होते, आणि पुरावा डोळ्यांसमोर पाण्यानं भरलेला असायचा. नंतरच्या सरकारांनी माणसं तर बोलावली, पण हक्काचा कागद अर्धवट ठेवला. मग धोरण बदललं, की तोच माणूस ‘अतिक्रमणधारक’ ठरतो.

आता मोहर्लीत नवं आवतण सुरू आहे. या वेळी ते पर्यटकाला आणि रिसॉर्टला आहे. गावातल्या पोरांना गाइड, जिप्सीचालक म्हणून काम मिळतं, ही जमेची बाजू. पण बफरमध्ये मोहफुलं वेचायला, सरपण आणायला गेलेल्या माणसावर वाघाचा हल्ला होतो, तेव्हा या भरभराटीची किंमत तो एकटाच मोजत असतो.

म्हणून मागणी साधी आहे. माणसं जंगलात वसवायची असोत की बाहेर काढायची, आधी जमिनीचा कागद, मग हलवाहलव. पॅकेजमध्ये रोख रकमेसोबत कसायला जमीन आणि पाणी. सरकारनं स्वतः वसवलेल्या कुटुंबांसाठी ७५ वर्षांच्या अटीत सवलत. आणि कुठलाही निर्णय घेताना आधीपासून तिथे राहणाऱ्या ग्रामसभेचं म्हणणं सगळ्यात पहिलं.

सरकारचं आवतण दर पन्नास-शंभर वर्षांनी बदलत आलं आहे, पुढेही बदलेल. त्या आवतणावर विश्वास ठेवून आलेल्या माणसाला मात्र दर वेळी नव्यानं परकं ठरवता येणार नाही.