गद्दार म्हणण्याआधी

दरवर्षी २१ ऑक्टोबर जवळ आला की माझ्या फोनवर वीर बाबुराव शेडमाकेंची स्टेटसं सुरू होतात. १८५८ साली याच दिवशी इंग्रजांनी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. मीही स्टेटस ठेवतो. पण खाली कुणीतरी हमखास लिहितं : अहेरीच्या लक्ष्मीबाईनं घात केला, गद्दार! माझं भांडण या ओळीशी आहे.

घात झाला, हे खरंच. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदारानं तरुणांची फौज उभी केली, राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला इंग्रजांना मागे रेटलं. एप्रिलमध्ये चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात दोन गोरे मारले गेले. मग कॅप्टन क्रिक्टननं लक्ष्मीबाईंवर दबाव आणला आणि सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले. त्यांचे साथीदार व्यंकटराव यांची अडपल्ली-घोटची जमीनदारी जप्त होऊन लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. त्या बक्षिसाचा बचाव मी करणार नाही.

पण थोडं मागे जाऊन बघा. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं गोंड राज्य गिळलं. १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरच खालसा केलं. शंभर वर्षांत दोनदा मालक बदलला. एकदाही जमीनदारांना कुणी विचारलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बायझंटाईन आणि इराणी साम्राज्यांत वाटल्या गेलेल्या आर्मेनियाचा सरदार स्म्बात बाग्रातुनी आधी एका सम्राटाच्या चाकरीत होता, मग दुसऱ्याचा सेनापती झाला. स्वतःचं राज्य गेलं की सरदाराच्या हाती मालक निवडणंच उरतं. बाबुरावांनी तेही नाकारलं, म्हणून ते मोठे. पण सगळ्यांनी फासावर चढायलाच हवं होतं, असा हट्ट फोन हातात धरून करणं फार सोपं आहे.

आणि हे जुनं प्रकरण नाही. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-६० पथक काढलं, त्यात इथलीच आदिवासी पोरं घेतली. समोरच्या दलममध्येही इथलीच पोरं. रात्री बंदूकवाले जेवण मागणार, सकाळी वर्दीवाले विचारणार, कुणाला जेवू घातलं? दिलं तरी संशय, नाही दिलं तरी संशय. ‘खबऱ्या’ ठरवून माओवाद्यांनी कितीतरी आदिवासींनाच मारलं. आपल्या स्टेटसवर ‘गद्दार’ फुकट लिहिता येतं, भामरागडच्या पाड्यावर त्याच शब्दानं माणूस जातो.

‘तू कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न गावकऱ्यांचा कधीच नव्हता. तो बाहेरून आलेल्या सत्तेचा आहे. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला धरून द्यावं, यातच तिची जीत.

यंदाही मी बाबुरावांचं स्टेटस ठेवणार. घात कुणी केला असं विचारलंत, तर आधी डलहौसी आणि क्रिक्टनचं नाव घेईन. लक्ष्मीबाईंचं त्यानंतर.