पाच खणांचे घर

मुंबईचा माणूस घराचा मोठेपणा चौरस फुटांत सांगतो; आमच्या हिंगोलीकडचा जुना माणूस तो खणांत सांगे. 'घर किती खणांचे?' हा प्रश्न सोयरीक जुळवतानादेखील निघायचा! खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. लाकडाला जेवढा भार पेलेल तेवढीच ती रुंद. सारे घर या एका मापाने वाढायचे.

वसमत तालुक्यातले माझे आजोळ असेच माळवदाचे. दारातून आत आले की ढेलज, पुढे चौक, भोवती ओसरी, मागे माजघर आणि देवघर. धान्यासाठी भिंतीलगत बळद. माजघरात उजेड यायचा तो माळवदाला ठेवलेल्या भोकातून. पाऊस आला की कुणीतरी वर धावत जाऊन त्यावर पाटी पालथी घालायची. वैशाखात बाहेर ऊन भाजून काढीत असताना त्या काळोख्या माजघरात पाठ टेकावी, आणि पंख्याची आठवणही होऊ नये! तो गुण जाड भिंतींचा आणि डोक्यावरच्या मातीचा.

या घराचा एक दूरचा भाऊ इंग्लंडात आहे. 1714 ते 1830 या काळात तिथे एकामागून एक चार जॉर्ज राजे गादीवर बसले. त्या वेळची घरे त्यांच्या नावाने 'जॉर्जियन' म्हणून ओळखली जातात. खेड्यातल्या बेताच्या ऐपतीच्या गृहस्थाचे घर पाहावे : मधोमध दार, दोहों अंगांना दोन-दोन खिडक्या, वरच्या मजल्यावर ओळीने पाच. म्हणजे तेही पाच खणांचेच म्हणा ना! गावचा गवंडी-सुतार नमुन्यांची छापील पुस्तके पाहून ते उभारी. आमच्या सुताराचे पुस्तक त्याच्या डोक्यात असे, एवढाच फरक.

पण त्या घराची एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. त्याच्या खिडक्या भिंतीत जराशा आत बसवलेल्या असतात. दिसायला त्या मोठ्या डौलदार. पण मूळ कारण डौलाचे नव्हे. 1666 मध्ये लंडन जळाले. पुढे 1709 च्या कायद्याने तिथल्या खिडक्यांच्या लाकडी चौकटी दर्शनी भिंतीपासून चार इंच आत घ्यायला लावल्या; आगीला लाकूड सहज सापडू नये म्हणून. 1774 च्या कायद्याने भिंतींची जाडीही बांधून दिली. राजधानीची चाल मग खेड्यांनी उचलली. भीतीने त्या लोकांनी घर टाकले नाही, सुधारले.

आमची भीती आगीची नाही, धरणीची आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. 21 मार्च 2024 रोजी हिंगोली जिल्ह्यातही 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. तेव्हापासून आमच्या मामेभावाचा एकच धोशा : वाडा पाडा, स्लॅब टाका. मामी म्हणते, 'मला या घरातून काढू नका.' दोघांचेही खरे आहे. आणि रात्री त्या छताखाली मामी झोपते, म्हणून हा वाद नुसत्या आठवणींवर सोडवता येत नाही.

हिशेब करून पाहा. एक घनफूट माती सुमारे 45 किलो भरते. दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे 45 क्विंटल, सिमेंटच्या 90 गोण्या! त्यात दर पावसाळ्याआधी गळती नको म्हणून वर खारी माती पडतच गेली; जुनी मात्र कुणी काढली नाही. भिंतीचे दुसरेच दुखणे. दोन्ही तोंडांना दगड, पोटात चिपा आणि माती. आरपार जाणारा दगड कुठेच नाही. धक्का बसला की दोन्ही तोंडे फुगून सुटतात. किल्लारीकडे कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब-तुळया मात्र उभ्या राहिल्या, हे विसरू नये. चांगल्या सुताराचे खण खोटे नव्हते.

यावर तोड आहे, आणि ती किल्लारीनंतर इंजिनियरांनी सांगूनही ठेवली आहे. माळवदावरची जादा माती उतरवावी. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहतात. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके टेकू द्यावेत. भिंतीच्या माथ्यावरून पट्टा फिरवावा. लाकूडच वाळवीने पोखरले असेल तर मात्र मोह धरू नये, उतरवावे.

मी मामेभावाला एवढेच म्हटले आहे की, पाडण्याआधी जाणत्या इंजिनियरला एकदा दाखव. आणि तोवर मामीची खाट ढेलजेतल्या पत्र्याखाली हलव. मामी कुरकुरली, पण हलली. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे असे एखादे घर गावी असेल. या दिवाळीत भिंतीला चुना द्यायला घ्याल, तेव्हा आधी तिच्यावरून हात फिरवा. पोट सुटलेले लागले, तर चुन्याचा डबा बाजूला ठेवा आणि माणूस बोलवा.